शिक्षकाच्या पाठीशी कोण?



वसमतच्या मोंढ्यात हळद घेऊन आलेल्या एखाद्या शेतकऱ्याला सहज विचारून पाहा, "तुमच्या गावची शाळा कशी आहे?" तो काही खोल्या मोजून सांगणार नाही. "आमचे गुरुजी चांगले आहेत हो," असे म्हणेल, नाही तर "पहिल्या गुरुजींची बदली झाली अन् शाळा बसली," असे म्हणेल. शाळा म्हणजे गुरुजी, हे त्याला पक्के ठाऊक असते. मग हे चांगले गुरुजी येतात कोठून? सरकार त्यांना नेमते, पगार देते, त्यांची बदली करते. पण शिकवावे कसे, हे त्यांना कोण शिकविते? आणि एकदा शिकविल्यानंतर पुढे त्यांची विचारपूस कोण करते? ह्या दुसऱ्या प्रश्नाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. आज त्याविषयीच बोलावयाचे आहे.

आपल्याकडे हा प्रश्न जुना आहे. सरकारबाहेरच्या मंडळींनी पुढे यावे, शिक्षक तयार करावेत आणि सरकारने ते आपल्या शाळांत नेमावेत, हा प्रयोग मराठी मुलखात सुमारे दोनशे वर्षांपूर्वीच झाला. १८१८ साली पेशवाई गेली आणि पुढल्याच वर्षी माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर झाले. त्या वेळी गावोगाव पंतोजींच्या शाळा होत्या. कुणाच्या पडवीत, कुठे देवळाच्या ओवरीत मुले जमत. धूळपाटीवर अक्षरे गिरवायची, मोडी वाचायला शिकायचे, पावकी-निमकी-दिडकी घोकायची, झाले शिक्षण. छापील पुस्तक म्हणून नव्हतेच. पंतोजींचे पोट पायली-दोन पायली धान्यावर नि सणावारच्या शिध्यावर चाले. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. बापाने जसे शिकविले तसे मुलगा शिकवी, दुसरे काही त्याला कुणी दाखविलेच नव्हते.

१८२२ साली मुंबईत शाळा आणि शाळापुस्तके ह्यांसाठी एक मंडळी स्थापन झाली. पुढे १८२७ पासून तिला 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' असे नाव मिळाले. तीत इंग्रज होते तसे आपले लोकही होते. जॉर्ज जर्व्हिस हे लष्करी इंजिनियर तिचे चिटणीस. सदाशिव काशिनाथ छत्रे, ज्यांना लोक बापू छत्रे म्हणून ओळखत, ते एतद्देशीय चिटणीस. १८२३ मध्ये मंडळीने शाळांची चौकशी केली तेव्हा निष्कर्ष सरळ निघाला: पुस्तके नाहीत, शिकविण्याची रीत नाही, शिकलेले शिक्षक नाहीत आणि पैसा नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एल्फिन्स्टनसाहेबांनी शिक्षणाविषयी आपला प्रसिद्ध खलिता लिहिला आणि गावठी शाळा सुधारण्याचे काम सरकारच्या अंगावर घेतले. सरकारातच सर्वांना हे पटले होते असे नाही. कौन्सिलातले वॉर्डनसाहेब ह्यांचा भर इंग्रजीवर होता.

मग मंडळीने मुंबईत शिक्षकांचा वर्ग चालविला. त्यातून मराठीचे चोवीस शिक्षक तयार झाले आणि १८२६ साली ते मुंबईबाहेर निरनिराळ्या ठिकाणी शाळा चालवायला पाठविण्यात आले. मंडळीने शिकवावे, पुस्तके करावीत. सरकारने शाळा काढाव्यात, अशी वाटणी होती. बापू छत्र्यांनी 'बाळमित्र' नि 'इसापनीति' मराठीत आणली ती ह्याच गरजेपोटी. जर्व्हिससाहेबांनी गणिताची पुस्तके मराठीत करविली. छापलेले पुस्तक हाती घेऊन, शिकविण्याची रीत शिकून वर्गात उभे राहणारे मराठी मास्तर म्हणून ह्या चोवीस जणांकडे बोट दाखविता येईल.

येथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. ह्या मास्तरांना शिकविलेली रीत 'लँकेस्टरची पद्धत' म्हणून ओळखली जाई. मोठ्या मुलांनी लहान मुलांना शिकवावे, म्हणजे एक शिक्षक पुष्कळ मुले सांभाळू शकतो. विलायतेत तिचा बोलबाला झाला खरा, पण अँड्र्यू बेल ह्या पाद्रीसाहेबांनी ती अठराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या मद्रासेस पाहिली होती, वाळूत अक्षरे गिरविणाऱ्या मुलांच्या शाळेत! म्हणजे माल आपलाच. विलायतेचा शिक्का बसून परत आला.

पण मूळ मुद्दा राहतो. ते चोवीस जण पुढे एकेकटे झाले. मुंबई दूर राहिली. आपण शिकलो ते बरोबर करतो आहोत की काय हे जवळ बसून पाहणारे कोणी नव्हते. शाळा वाढल्या. १८४० साली सोसायटीचे काम सरकारी बोर्डाकडे गेले तेव्हा तिच्या जिल्ह्यांतील प्राथमिक शाळा ११५ झाल्या होत्या. बोर्डाने इलाख्याचे विभाग पाडून तपासनीस नेमले ते त्यानंतर. शिक्षकांसाठी नॉर्मल वर्ग निघून 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर त्याचे प्रमुख झाले ते १८४५ साली. दुर्दैव असे की १८४६ मध्येच बाळशास्त्री वारले. पहिली तुकडी बाहेर पडली त्याला तोवर वीस वर्षे होत आली होती. आपल्याकडे हळदीचे बेणे लावून कोणी घरी बसत नाही. पाणी द्यावे लागते, खुरपावे लागते, भर लावावी लागते, तेव्हा आठ-नऊ महिन्यांनी गड्डा हाती येतो. शिक्षकांच्या बाबतीत मात्र बेणे लावले की काम झाले, अशी समजूत सरकारातही होती आणि मंडळींतही होती. ती पुरती गेली आहे असे म्हणवत नाही.

दुसरा एक प्रश्न राहिला होता. शिक्षक व्हावयाचे कुणी? १८४८ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई शिकवू लागल्या. त्यांना आधी जोतीरावांनी घरीच शिकविले होते, ही गोष्ट आपल्या शाळांतून सांगितली जातेच. १८८२ साली हंटर कमिशन आले तेव्हा जोतीरावांनी जी लेखी साक्ष दिली ती मात्र दर शिक्षकाने एकदा मुळातून वाचावी. प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्य तो शेतकरी वर्गातून घ्यावेत, त्यांना शिक्षण देऊन तयार करावे, वेळ पडली तर नांगराची रुमणी किंवा सुताराचे हत्यार हाती धरायला त्यांना लाज वाटू नये, असे त्यांचे म्हणणे. पगाराचा आकडाही त्यांनी सांगून टाकला: बारा रुपयांहून कमी नको. पोट भरत नसलेला माणूस मन लावून शिकविणार नाही, हे त्यांनी कमिशनपुढे आडपडदा न ठेवता मांडले. त्यांच्या मागणीचे तेव्हा फारसे काही झाले नाही.

ती मागणी प्रत्यक्षात उतरली सातारा जिल्ह्यात, पन्नासएक वर्षांनी. कर्मवीर भाऊराव पाटील हे सत्यशोधक चळवळीत वाढलेले. १९१९ साली काले ह्या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले. सगळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवत, आपला स्वैपाक आपण करीत, शेतात राबत. ह्या मुलांना शिकवून गावोगाव मास्तर म्हणून पाठवावयाचे तर त्यांना शिकविण्याचे शिक्षण हवे. म्हणून १९३५ साली भाऊरावांनी साताऱ्यास प्राथमिक शिक्षकांचे ट्रेनिंग कॉलेज काढले. त्या वर्षी बादशहा पंचम जॉर्ज ह्यांच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव होता, तेव्हा नाव ठेवले 'सिल्व्हर ज्युबिली रुरल ट्रेनिंग कॉलेज'! पुढे त्यालाच महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. भाऊराव मोठे व्यवहारी गृहस्थ. नाव बादशहाचे असले तरी आत बसलेली पोरे कुणब्याची होती.

१९३७ साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले. जेथे शाळा नाही तेथे लोकांनी स्वेच्छेने शाळा काढावी, सरकार अनुदान देईल, अशी 'व्हॉलंटरी शाळां'ची योजना निघाली. भाऊरावांजवळ शिकलेले शिक्षक तयारच होते. गावाने जागा द्यायची, देऊळ असो, चावडी असो, कुणाचा सोपा असो. संस्थेने मास्तर द्यायचा. सरकारने अनुदान द्यायचे. बघता बघता ह्या शाळा पाचशेच्या वर गेल्या. डोंगरकपारीतल्या वाड्यांना प्रथमच मास्तर मिळाला. हा मास्तर त्यांच्यासारखेच बोलणारा, भाकरी खाणारा होता. आणि त्या मास्तराला पाहायला कोण येई? स्वतः भाऊराव येत, अनवाणी, हाती काठी. गावात आले की आधी शाळेत शिरत. इन्स्पेक्टर आला की शाळा घाबरायची. अण्णा आले की मास्तराला धीर येई, असा तो फरक असावा असे मला वाटते.

ही भागीदारी टिकली का? १९४८ साली मुंबई सरकार आणि भाऊराव ह्यांच्यात बेबनाव झाला आणि संस्थेचे अनुदान थांबले. लोकांनी वर्गणी देऊन संस्था तगविली, अनुदानही पुढे मिळू लागले, पण व्हॉलंटरी शाळा स्कूल बोर्डाकडे गेल्या. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणारा कायदा मुंबई राज्यात १९४७ सालीच झाला होता, तेव्हा ह्या शाळा केव्हा तरी सरकारी व्हावयाच्याच होत्या. त्यात वावगे काही नाही. शिक्षक गेले, शाळा गेल्या, त्यांबरोबर गावोगाव हिंडून मास्तराजवळ बसण्याची रीत मात्र गेली नाही, ती संस्थेपाशी राहिली. बोर्डाजवळ तपासणीचे रजिस्टर होते.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. वरचे सगळे इंग्रजी मुलखात चालले होते, तेव्हा वसमत निजामाच्या राज्यात होते. येथे राज्याची भाषा उर्दू. मराठी मुलाला खालच्या चार इयत्ता मराठीत मिळाल्या तर मिळाल्या, पुढे उर्दू. १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. खासगी शाळा काढावयाची तर सरकारची परवानगी लागे. म्हणजे सरकार आणि लोक ह्यांनी मिळून शिक्षक घडवावे, असा विचारच येथे संभवत नव्हता. उलट जे शिक्षक घडले ते सरकारला न जुमानता घडले. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत नि अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थांनी मुलांना शिकविले आणि त्या मुलांतूनच पुढे शिक्षक नि सैनिक दोन्ही निघाले. आमच्या वसमत तालुक्यातल्या वापटीचे बहिर्जी शिंदे मुक्तिसंग्रामात कामी आले. त्यांच्या नावाने वसमतात शाळा नि महाविद्यालय उभे आहे हे आपण जाणताच.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. आनंद झाला, तशी अडचणही उभी राहिली. शाळा मराठी झाल्या, पण मराठीतून शिकविणारे शिक्षक आणायचे कोठून? कित्येक गुरुजी स्वतः उर्दूतून शिकलेले. भूगोलाचे, गणिताचे शब्द त्यांना मराठीत नव्याने पाठ करावे लागले. मुलांबरोबर गुरुजीही शिकत होते म्हणा ना! १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, त्याच साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेस महाविद्यालय काढले; १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ झाले. ह्यांतून बाहेर पडलेली मुले हायस्कुलांत शिक्षक म्हणून गेली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि १ मे १९६२ पासून शाळा जिल्हा परिषदेकडे आल्या. आपल्याकडे जिल्हा परिषदेची हायस्कुले इतकी दिसतात, तेवढी पुण्या-साताऱ्याकडे दिसत नाहीत. निजामाच्या वेळच्या सरकारी शाळा परिषदेच्या वाट्याला आल्या त्याची ही खूण आहे. एका अर्थी आमच्या शाळा पहिल्यापासून सरकारच्याच. बाहेरच्या मंडळींनी सरकारी शाळेत पाय ठेवायचा, ही सवय येथे उशिरा लागली.

ती भागीदारी नीट चालली तर कशी दिसते, ह्यासाठी थोडे उत्तरेस, मध्य प्रदेशात जावे लागेल. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यात दोन स्वयंसेवी संस्थांनी, किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर ह्यांनी, सरकारकडे सोळा माध्यमिक शाळा मागितल्या. सहावी ते आठवीचे विज्ञान प्रयोग करून शिकवायचे होते. सरकारने त्या दिल्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ खेड्यातल्या गुरुजींसह जमिनीवर बसून फुले उकलू लागले, बी रुजवू लागले. हे घडले म्हणून नव्हे, तर त्यानंतर जे झाले म्हणून मी हे उदाहरण सांगतो. प्रशिक्षण झाल्यावर दर महिन्याला शिक्षकांची बैठक होई. वर्गात काय फसले, मुलाने कोणता प्रश्न विचारला नि आपल्याला उत्तर आले नाही, हे तेथे उघडपणे मांडायचे. शाळेत माणसे पुन्हा पुन्हा जात, ती चुका टिपून घ्यायला नव्हे, मदतीला. परीक्षाही बदलली, पुस्तक उघडे ठेवून लिहायची. १९७८ साली कार्यक्रम साऱ्या जिल्ह्यात गेला, १९८२ पासून एकलव्य ही संस्था तो पाहू लागली, आणि पुढे तो सुमारे हजार शाळांत पोहोचला. शिक्षकच शिक्षकांना शिकवू लागले, हे त्यातले मोठे फळ. २००२ साली मध्य प्रदेश सरकारने कार्यक्रम बंद केला. तीस वर्षे चाललेले काम एका हुकुमाने थांबले. साताऱ्यात १९४८ साली झाले त्याचीच ही पुनरावृत्ती. सरकारशी भागीदारी करणाऱ्याच्या डोक्यावर ही तलवार नेहमी टांगलेली असते. संस्थेला शिक्षकाचे मन जिंकता येते, शाळेची किल्ली मात्र सरकारपाशीच राहते.

आमच्या भागात दार उघडले ते १९९४ च्या सुमारास. जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले पाच जिल्हे निवडले गेले: औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद आणि परभणी. पाचही मराठवाड्यातलेच. वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. ह्या कार्यक्रमाने दहा-बारा शाळांचा गट करून त्यांचे केंद्र केले. गटातल्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा केंद्रशाळेत जमावे, एकमेकांचे पाठ पाहावे, शैक्षणिक साहित्य करावे अशी कल्पना होती. केंद्रप्रमुख हा त्या शिक्षकांचा सोबती. योजना कागदावर होशंगाबादहून फार वेगळी नव्हती. ज्या केंद्रप्रमुखाला शिकविण्याची आवड होती तेथे बैठकीत खरोखर पाठ झाले. पुष्कळ ठिकाणी मात्र केंद्रप्रमुख टपालवाला झाला. वरचे पत्र खाली, खालची माहिती वर! पटसंख्या, पोषण आहार, शिष्यवृत्तीचे अर्ज ह्यांतच बैठकीचा दिवस सरे. हा दोष त्या माणसांचा नव्हे. ज्याच्या अंगावर दहा-बारा शाळांची सारी कागदपत्रे टाकली, त्याने वर्गात केव्हा बसायचे?

तरीही होते, ह्याचा दाखला सातारा जिल्ह्यातल्याच कुमठे बीटाने दिला. तेथील विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे ह्यांनी आपल्या बीटातल्या जिल्हा परिषद शाळांत शिक्षकांबरोबर बसून, मुले स्वतः करून शिकतील अशी रीत आणली. बाहेरची संस्था नव्हे, सरकारी अधिकारीच शिक्षकांचा सोबती झाला. मग महाराष्ट्रभरचे शिक्षक गाड्या करून ते पाहायला जाऊ लागले. जून २०१५ मध्ये राज्य सरकारने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम काढला त्यामागे ह्या कामाची प्रेरणा होती. पाहून आलेल्यांनी परत येऊन आपल्या शाळेच्या फरश्या नि भिंती रंगविल्या. रंगविणे सोपे असते, एका रविवारी होते. कुमठ्यातली रीत अंगी बाणवायला शिक्षकांना वर्षे लागली होती, ती भिंतीवर दिसत नव्हती.

आमच्या महाविद्यालयातली कित्येक मुले डी.एड. करून शाळेवर जाण्याची वाट पाहत असतात. त्यांतल्या ज्यांना नेमणूक मिळते ती दोनशिक्षकी शाळेवर, एखाद्या वाडीवर जातात. दोन-दोन इयत्ता एकाच खोलीत. पहिल्या वर्षी ती फार हुरुपात असतात. भेटली की वर्गातल्या गोष्टी सांगतात. चौथ्या-पाचव्या वर्षी भेटली की ऑनलाइन माहिती भरण्याच्या गोष्टी सांगतात. प्रशिक्षणे त्यांना कमी मिळतात असे नाही. उलट वर्षभर चालूच असतात. एक संपले की दुसरे, एक संस्था गेली की दुसरी येते. प्रत्येक संस्थेचे सामान निराळे, शब्द निराळे. पण मागच्या वर्षी शिकविलेले वर्गात कसे चालले आहे, हे पाहायला तीच माणसे परत येत नाहीत.

श्रोत्यांपैकी बरेच जण शाळा व्यवस्थापन समितीवर असतील. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ही समिती गावाच्या हाती दिली आहे आणि तीत बहुतेक सभासद पालकच असतात. समितीच्या सभेत खिचडीचा, संडासाचा, खोलीच्या गळतीचा विषय निघतो, तो निघालाच पाहिजे. पुढच्या सभेत त्याबरोबर आणखी एक गोष्ट विचारा, आणि विचारताना गुरुजींना शेजारी बसवून केंद्रप्रमुखांना विचारा: यंदा आमच्या गुरुजींच्या वर्गात तासभर बसायला कोण आले होते, नि ते परत केव्हा येणार आहेत?